वाचकांचे प्रश्न : मॉरिसन्स जिग, पेटीवर आणि व्हायोलिनवर

प्रश्न : ‘मॉरिसन्स जिग’ ही आयरिश नाचाची चाल मी पेटीवर बसवली आहे. स्वर बरोबर लागतात, पण ऐकणारे म्हणतात, दादऱ्यातलं भावगीत वाटतं. चुकतंय कुठे? (राजारामपुरी)

उत्तर : ठेका आणि वजन, दोन्हीकडे. पण आधी स्वर पडताळून घ्या. पांढरी तीनला सा धरा. ग आणि नी कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे काफी थाट. पहिल्या भागाची आठ आवर्तने अशी (खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार सप्तक, ऽ म्हणजे आधीचाच स्वर लांबवणे) :

सा ऽ ऽ प ऽ ऽ । सा प सा म रे नी़ । सा ऽ ऽ प ऽ ऽ । नी ध प म रे नी़ ।
सा ऽ ऽ प ऽ ऽ । सा प सा म रे नी़ । ग ऽ ऽ रे ग म । नी म ग रे सा नी़ ।

सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट, हे दादऱ्यासारखंच आहे. फरक चौथ्या मात्रेवर पडतो. दादऱ्यात तिथे ‘खाली’ म्हणजे टाळीशिवायची मात्रा येते, ‘ती’ला बायाँ (डग्गा) बंद होतो आणि दुसरा अर्धा हलका होतो. जिगमध्ये पहिली आणि चौथी, दोन्ही मात्रा पायाखाली येतात, कारण नाचणाऱ्याचं पाऊल दोन्हीकडे पडतं. तबलजींना नेहमीचा ठेका सोडून ‘धा धी ना धा धी ना’ असा दोन्हीकडे खुला बायाँ ठेवायला सांगा. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

उरलेलं अर्धं तीन स्वरांच्या लांबीत आहे. ते समान वाजवले की चाल शिवणयंत्रासारखी चालते. गटातला पहिला स्वर किंचित लांब, दुसरा आखूड, तिसरा मधला. हे कागदावर लिहून दाखवता येत नाही, आणि दुसरा स्वर फार आखूड केला की चाल उड्या मारू लागते. म्हणून बोटं लावण्याआधी तोंडाने ‘डिडली डिडली’ म्हणा. आयर्लंडमध्येही चाल अशीच तोंडी शिकवतात. लयीचा ठोका तीन मात्रांना एक धरा. सुरुवात मिनिटाला 65 ते 70 ठोक्यांनी करा, 90 च्या पुढे घाईने जाऊ नका.

साथीला सा-प सलग धरून ठेवू नका. ‘म रे नी़’ आलं की खाली कोमल नी-रे दाबा, पुढे सा आला की परत सा-प. चालीचा ताण या दोन जागांच्या ये-जा करण्यात आहे. लांब ‘सा’ सजवायचा असेल तर सा, ग चा निसटता स्पर्श, सा, नी़, सा. ही मुरकी नव्हे. स्पर्शाच्या स्वराची उंची कळता कामा नये, नुसता ठोका कळावा. आणि शेवटच्या फेरीनंतर नी़ वर थांबू नका, लांब सा घेऊनच संपवा.

प्रश्न : ही चाल मॉरिसन यांनी रचली का? मूळ रेकॉर्ड कोणती? (मंगळवार पेठ)

उत्तर : रचली नाही, रेकॉर्ड केली. जेम्स मॉरिसन आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातले फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच). 1915 मध्ये अमेरिकेला गेले, 1947 मध्ये वारले. त्यांच्या बँडमध्ये केरी परगण्यातले टॉम कार्मोडी अ‍ॅकॉर्डियन वाजवत. चाल कार्मोडींकडून आली आणि त्यांच्या तोंडी तिचं नाव ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’ होतं. मॉरिसन यांनी 1936 मध्ये रेकॉर्ड केली तेव्हा लेबलवर नाव आलं ‘मॉरिस कार्मोडीज फेव्हरिट’. मॉरिस म्हणजे टॉम यांचे वडील. ऐकून वाजवणाऱ्यांनी मात्र रेकॉर्डवरच्या वादकाचं नाव चालीला चिकटवलं. आयरिश संगीतात हे सतत घडतं. चालीच्या नावावरून रचनाकार कधीही ठरवू नये.

आयरिश संगीताच्या अशा रेकॉर्डिंगची सुरुवात याच्या वीस वर्षं आधीची. 1916 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दुकानदार एलेन ओ’बर्न डिविट यांनी 500 प्रती स्वतः घेण्याची हमी दिली, तेव्हा कोलंबिया कंपनीने आयरिश वादकांची रेकॉर्ड काढली. पुढे मॉरिसन आणि स्लायगोचेच फिडलवादक मायकेल कोलमन यांच्या रेकॉर्ड बोटीने परत आयर्लंडला पोचल्या आणि गावोगावचे वादक स्लायगोच्या वळणाने वाजवू लागले. यात इतर परगण्यांची वळणं मागे पडली, हे नुकसानही खरंच.

जुन्या रेकॉर्डबरोबर पेटी जुळत नसेल तर पेटीला दोष देऊ नका. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या उतरवताना वेग थोडा हलला की सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर सूर सरकवून घ्या. पियानोच्या साथीवरूनही स्वर ठरवू नका. त्या काळचे साथीदार बऱ्याचदा चाल न ओळखता वाजवत. फिडल ऐका.

प्रश्न : हिंदुस्थानी पद्धतीने सा-प मिळवलेल्या व्हायोलिनवर चालेल? (रुईकर कॉलनी)

उत्तर : वाजेल, पण बोटं अडतील. तारा पाश्चात्त्य पद्धतीने जी, डी, ए, ई अशा मिळवा. मग डी तारेवर पहिलं बोट म्हणजे सा, तेच बोट ए तारेवर प. दोन तारांवर एकदम आडवं ठेवलं की ‘सा प सा’ बोट न उचलता निघतं. दुसरा भाग सुरू होतो ‘प सां सां रें सां सां । मं सां सां रें सां सां’. इथे सां ही उघडी ई तार. बोटं येतात-जातात, तार वाजत राहते. चाल फिडलवर इतकी सहज बसते ती यामुळे.

प्रश्न : शाळेच्या गॅदरिंगला नाच बसवायचा आहे. किती वेळा वाजवावी? (शाहूपुरी)

उत्तर : पहिला भाग दोनदा मिळून 16 आवर्तने, दुसरा सलग 16, एक फेरी 32 ची. आठ आवर्तने उजव्या पायाने, तीच पावलं पुढची आठ डाव्याने, म्हणजे एका फेरीत दोन स्टेप. मऊ बुटांच्या लाइट जिगला मिनिटाला साधारण 115 ठोके, फेरी 33 सेकंदांत संपते. तीन फेऱ्या पुरेत. आधी आठ आवर्तने नुसती वाजवा, मुलांना लय सापडू द्या. मंच पोकळ लाकडी असेल तर तबल्याचा माइक कमी ठेवा, नाहीतर पावलं ऐकूच येत नाहीत.