फ्लोरिडात टॅक्स डीडच्या, म्हणजे कर थकल्यामुळे विकायला काढलेल्या मालमत्तेच्या खरेदीखताच्या, लिलावात उतरताय?

आधी एक घोळ मिटवा. टॅक्स सर्टिफिकेट घेतलं म्हणजे घर मिळत नाही. तुम्ही दुसऱ्याचा थकलेला कर भरता आणि त्यावर व्याज घेता, जास्तीत जास्त 18 टक्के. दोनेक वर्षांतही थकबाकी फिटली नाही, तर सर्टिफिकेटवाला डीडसाठी अर्ज करतो आणि काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) क्लार्क मालमत्ता लिलावात काढतो.

बोली जिंकलात की 5 टक्के किंवा 200 डॉलर, यातलं जे जास्त ते अनामत. उरलेली रक्कम 24 तासांत. चुकलात तर अनामत गेली. गृहकर्ज काढून घेऊ म्हणत असाल, तर नादच सोडा. शिवाय पूर्ण पैसे भरले जाईपर्यंत मूळ मालक थकबाकी भरून घर सोडवू शकतो, तेव्हा रंगाऱ्याला एवढ्यात बोलवू नका.

खरी गोम बोज्यांत. बँकेचं गहाण सहसा उडतं, पण शहराचा, काउंटीचा बोजा मानगुटीवर तसाच राहतो. गवत कापलं नाही म्हणून रोज चढत गेलेला दंड कधीकधी जागेच्या किमतीला मागे टाकतो! नगरपालिकेत फोन करून विचारा. पार्सल नंबर (जागेचा सरकारी क्रमांक) टाकून नकाशाही बघा. ‘स्वस्त प्लॉट’ म्हणजे दलदल किंवा दोन कुंपणांमधली हातभर पट्टी निघते.

डीड हाती आली तरी टायटल इन्शुरन्सवाले (मालकी हक्काचा विमा देणारे) सहजी दारात उभं करत नाहीत. बहुधा कोर्टात क्वाएट टायटलचा, म्हणजे मालकी निर्विवाद ठरवून घेण्याचा, दावा लावावा लागतो. वकिलाची फी बोली ठरवतानाच वजा करा.