सेन्सरने तक्रार केली म्हणजे सेन्सरच बिघडला असे नव्हे

मोटारीच्या ऑक्सिजन सेन्सरविषयी माझ्याकडे येणारे प्रश्न बहुतेक एकाच गैरसमजातून आलेले असतात, म्हणून त्यांतील काही निवडून येथे एकत्र उत्तरे देत आहे. गाडी न पाहता दिलेले उत्तर म्हणजे निदान नव्हे, हे कृपया वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : हा सेन्सर कोठे असतो आणि तो काय करतो?

उत्तर : एक सेन्सर एक्झॉस्टच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातील विषारी वायू निवळणाऱ्या भागाच्या) आधी असतो आणि बहुतेक गाड्यांत दुसरा त्याच्या नंतर असतो. बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला आहे हे पहिला सांगतो व त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. दुसऱ्याचे मुख्य काम कन्व्हर्टरवर पहारा ठेवण्याचे.

प्रश्न : ॲव्हरेज घटले आहे, सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरते आणि मागून पेट्रोलचा वास येतो. सेन्सर गेला असेल का?

उत्तर : गेला असेल; पण झिजलेला स्पार्क प्लग किंवा गळका इंजेक्टरही हुबेहूब हीच लक्षणे दाखवतो. नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान असतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की तो वर जातो, हवा जास्त झाली की खाली येतो आणि एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाजवळ सुमारे ०.४५ व्होल्ट ओलांडतो. इंजिन तापल्यावर पहिल्या सेन्सरची रेषा स्कॅनरच्या पडद्यावर सतत वर-खाली नाचताना दिसली पाहिजे. थकलेल्या सेन्सरची रेषा आळसावते किंवा एकाच जागी चिकटून बसते, आणि नुसता आळस असेल तर चेक इंजिनचा दिवा बराच काळ लागतही नाही. काही गाड्यांत मात्र पहिल्या जागी वाइडबँड हा वेगळ्या प्रकारचा सेन्सर असतो व त्याला हे आकडे लागू पडत नाहीत. त्यामुळे ही रेषा वाचता येणाऱ्या माणसाकडूनच तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : ‘मिश्रण पातळ’, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असा पी०१७१ कोड (संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) आला. सेन्सर बदलून घेतला, पण आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला. आता दुसऱ्या कंपनीचा सेन्सर बसवावा का?

उत्तर : बसवू नये. या प्रश्नासाठी थोडी जास्त जागा घेतो, कारण वाचकांचे सर्वाधिक पैसे येथेच वाया जातात. पी०१७१ हा कोड ‘सेन्सर खराब आहे’ असे म्हणत नाही. ऑक्सिजन वाजवीपेक्षा जास्त दिसतो आहे आणि संगणकाने पेट्रोल वाढवूनही तो आटोक्यात येत नाही, एवढेच तो सांगतो. हे सांगणारा सेन्सर बहुतेक वेळा आपले काम चोख करत असतो, आणि आपण निरोप्यालाच बडतर्फ करतो. इनटेकची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गाची, एखादी रबरी नळी चिरली असेल, हवेचे माप घेणारा एअरफ्लो सेन्सर धुळीने मंदावला असेल, पेट्रोलचा पंप दाब देत नसेल, तरी हाच कोड येतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर तेथील पेट्रोल न जळता बाहेर पडते आणि न वापरलेला ऑक्सिजनही त्याच्याबरोबर जातो. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन तेवढा दिसतो, आणि संगणक आणखी पेट्रोल ओतत राहतो.

माझ्याकडे आलेल्या एका गाडीत अशाच कोडसाठी दोन सेन्सर बदलून झाले होते. तिसऱ्याचा आटा अजून चकाकत होता. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक असा बारीक आवाज येई आणि पाच मिनिटांत धातू तापून फुगला की तो बंद होई. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणाऱ्या नळ्या) इंजिनाला जेथे जोडतात तेथील गॅस्केटपाशी बॅटरीचा उजेड टाकल्यावर काजळीची बोटभर रेघ दिसली. एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमध्ये दाब क्षणभर घटतो, त्या क्षणी बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते, आणि सेन्सर तिलाच इंजिनातला ऑक्सिजन समजतो. गॅस्केट बदलले आणि दिवा कायमचा गेला.

म्हणून सेन्सरचे बिल देण्यापूर्वी मेकॅनिकला फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती वाढवतो वा घटवतो त्याचे, आकडे दाखवायला सांगावे. इंजिन नुसते चालू असताना ते मोठे असतील आणि वेग वाढवल्यावर कमी होत असतील, तर संशय हवेच्या गळतीवर जातो. जोर पडल्यावर ते वाढत असतील, तर पेट्रोलच्या पुरवठ्यावर. जो मेकॅनिक हे आकडे न पाहता केवळ कोड वाचून भाग मागवतो, तो तपासणी करत नसून तुमच्या खर्चाने अंदाज बांधत असतो.

प्रश्न : जुना सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून साफ केला तर चालतो, असे ऐकले आहे.

उत्तर : ऐकलेले सोडून द्यावे. वरची काजळी कदाचित निघेल, पण सिलिकॉनच्या सीलंटने, शिशाने किंवा गळक्या कूलंटने सेन्सरच्या टोकावर बसलेला थर निघत नाही. तारेच्या ब्रशने घासल्यास आतील सिरॅमिकही तडकण्याची शक्यता असते. शिवाय तो थर कशामुळे बसला हे शोधले नाही, तर नव्या सेन्सरचीही तीच गत होईल.

प्रश्न : दिवा लागलेलाच आहे, पण गाडी ठीक चालते. सहा महिने थांबले तर चालेल का?

उत्तर : नाही. किरकोळ वाटणारा पी०१३५ सारखा कोडच घ्या; तो फक्त सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचा असतो. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे हीटर बंद पडला की इंजिन सुरू केल्यावर बराच वेळ संगणक अंदाजाने पेट्रोल सोडतो. ते जास्त पडत राहिले की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, त्यातील जाळी अतितापाने वितळू शकते, आणि कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या अनेक पट असते. दिवा लुकलुकत असेल तर याच आठवड्यात गॅरेजमध्ये जाऊ असेही म्हणू नये. ते मिसफायरचे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचे, लक्षण असते, गाडी सुरक्षित जागी थांबवून मदत मागवावी.

प्रश्न : ‘कन्व्हर्टर पुरेसे काम करत नाही’ अशा पी०४२० कोडसाठी दुसऱ्या सेन्सरखाली स्पेसर (सेन्सरला धुराच्या प्रवाहापासून दूर सरकवणारा तुकडा) बसवून देतो, असे एकजण म्हणतो.

उत्तर : तो दुरुस्ती करत नाही, पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. खराब कन्व्हर्टर खराबच राहतो आणि धूर तेवढाच बाहेर पडतो. कन्व्हर्टर खरोखर गेला आहे का, की एक्झॉस्टला गळती आहे, हे आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : वायर कापून जोडायचा ‘सर्व गाड्यांना चालणारा’ स्वस्त सेन्सर घ्यावा का?

उत्तर : शक्यतो घेऊ नये. चार वायरींपैकी दोन हीटरच्या असतात, पण रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे; चुकीच्या जोडणीत हीटरचे १२ व्होल्ट सिग्नलच्या वायरीत गेले तर संगणकाचेही नुकसान होऊ शकते. त्यातच पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या पोकळीतून आत घेतात. तेथे डाग दिला किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरले की सेन्सरचा श्वास कोंडतो आणि चांगला माल चुकीचे आकडे देऊ लागतो. गाडीच्या भाग-क्रमांकाचा, तयार कनेक्टरचा सेन्सर घ्यावा आणि क्रमांक विक्रेत्याकडून पडताळून घ्यावा.

प्रश्न : पहिला सेन्सर बदलताना दुसराही बदलावाच लागतो का?

उत्तर : नाही.

प्रश्न : बदलण्याचे काम घरी करता येईल का?

उत्तर : हात बसलेल्या माणसाला येईल. बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा, वायरीसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. एक्झॉस्ट किंचित कोमट असताना आटे सुटणे सोपे जाते, पण तापलेल्या नळीला हात लावू नये आणि गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर शिरू नये. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा कंपनीनेच अँटीसीझ (आटे अडकून बसू नयेत म्हणून लावायचे वंगण) लावलेले असते. ते सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नये. सेन्सर आधी हातानेच पूर्ण फिरवून बसवावा आणि मग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळावा. बसवण्याआधी तो हातातून फरशीवर पडला, तर वरून धडधाकट दिसला तरी वापरू नये. जुना सेन्सर गंजून अडकला असेल तर जोर लावत बसू नये, कारण आटे उखडले तर काम नळीपर्यंत जाते; तेथून पुढे मेकॅनिकलाच बोलवावे.