फ्रेज कोणती न् क्लॉज कोणता?

प्रश्न: पोरगी आठवीला आहे, इंग्रजी व्याकरणातल्या फ्रेज (शब्दसमूह) न् क्लॉज (उपवाक्य) मधी सारखी गोंधळती, मला बी सांगता येईना. – एक आई, परभणी

उत्तर: ताई, तिला आधी कर्ता न् काळ दाखवणारं क्रियापद शोधायला लावा. 'आफ्टर द रेन' यात क्रियापदच नाही, म्हणून फ्रेज. 'आफ्टर द रेन स्टॉप्ड' म्हणलं की रेन कर्ता, स्टॉप्ड क्रियापद, झाला क्लॉज, पण तो एकटा उभा राहत नाही, पुढं 'वी वेंट टू द फील्ड' जोडावंच लागतं. 'वेटिंग फॉर द बस' इथं पोरं हमखास फसतात, वेटिंग दिसतं क्रियापदासारखं पण ना कर्ता ना काळ, म्हणजे साध्या शाळेच्या हिशोबानं फ्रेजच.