मेमरीवर पीएचडी करायची आहे, स्टॅट्स दुसऱ्याकडून करून घेतलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की एमए सायकॉलॉजी झालंय, स्मरणशक्ती आणि दिशाज्ञान यावर रिसर्च करून पुढे प्रोफेसर व्हायचंय, पण आकड्यांची भीती वाटते, तर डेटा स्वतः गोळा करून अ‍ॅनालिसिस पैसे देऊन बाहेरून करून घेतलं तर चालतं का. चालतं. तसे झालेले पुष्कळ थिसिस मी बघितलेत, डिग्रीही मिळते. मीसुद्धा तेच केलं होतं, म्हणून तर रात्री साडेअकराला टाइप करत बसलेय.

२००४ ची गोष्ट. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरांवरचा मेंदूवर संशोधन करणाऱ्या मॅग्वायर बाईंचा २००० सालचा पेपर झेरॉक्स करून वाचला होता. सोळा ड्रायव्हर, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला आठवणी आणि दिशा सांभाळणारा भाग) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका तो जास्त. मी पेटलेच. म्हटलं एमआरआय तर काही आपल्याला मिळत नाही, पण पुण्यात रिक्षावाले आहेत ना! घरातला जुना पोळपाट घेतला, त्यावर ३६० अंशांचा कागद चिकटवला, मध्ये बंद पडलेल्या घड्याळाचा काटा बसवला आणि स्वारगेटच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. होकायंत्र लावून शून्य उत्तरेला करायचा आणि विचारायचं, काका, इथून जुना बाजार कुठे, काटा फिरवा. पहिल्या दिवशी सगळा स्टँड गोळा झाला, मॅडम पोळ्या लाटायला आल्यात म्हणून. चाळीस जण झाले, प्रत्येकी दहा ठिकाणं.

डेटा आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, त्यांच्या ओळखीच्या एसपीएसएसवाल्याकडे (स्टॅट्सचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याकडे) दिला. दीड हजार रुपये. आठवड्याने टेबल छापून आलं, सगळं दोन दशांश स्थळांपर्यंत, बघूनच छाती दडपली आणि मी ते जसंच्या तसं चॅप्टरमध्ये टाकलं.

मग एक दिवस आभार मानायला म्हणून प्रिंटआउट घेऊन स्टँडवर गेले. एका काकांना कौतुकाने दाखवलं, हे बघा तुमच्या सगळ्यांची मिळून सरासरी दिशा. त्यांनी पोळपाटावर तो आकडा शोधला, काटा तिथे नेला आणि म्हणाले, "मॅडम, जुना बाजार कात्रजला कधी नेला? कुठल्या रविवारी?"

१७८ अंश. स्वारगेटहून जुना बाजार जवळजवळ सरळ उत्तरेला, आणि माझं टेबल दक्षिण दाखवतंय, कात्रजची बाजू. काका बरोबर, चाळीसच्या चाळीस रिक्षावाले बरोबर, चुकलेली फक्त मी. झालं होतं असं की निम्म्यांनी काटा उत्तरेच्या जरा डावीकडे लावला, म्हणजे ३४५ च्या आसपास, आणि निम्म्यांनी जरा उजवीकडे, म्हणजे ११ वगैरे. बेरीज करून दोनने भागा, १७८. ३६० आणि शून्य ही एकच दिशा, म्हणून कोनांची अशी साधी सरासरी काढायचीच नसते. प्रत्येक बाणाची उत्तरेकडे किती आणि पूर्वेकडे किती अशी फोड करायची, त्या फोडींची सरासरी घ्यायची आणि त्यातून परत कोन काढायचा. शेजारच्या डिपार्टमेंटच्या एका बाईंनी मला हे पंधरा मिनिटांत चहा पिता पिता एका कागदावर शिकवलं.

सरांना सांगितलं तर म्हणाले, ती एक ओळ आउटलायर, म्हणजे भलताच आकडा, म्हणून काढून टाक. अहो, पण उत्तरेच्या आसपासचं प्रत्येक ठिकाण असंच नासलेलं होतं! शिवाय दहा वर्षांवर रेघ मारून ड्रायव्हरांचे अनुभवी आणि नवखे असे दोन गट पाडलेले, म्हणजे नऊ वर्षंवाला आणि अकरा वर्षंवाला वेगळे, पण अकरावाला आणि तीसवाला एकच. मी सगळं पहिल्यापासून केलं, आठ महिने गेले, आणि व्हायवाच्या (थिसिसच्या तोंडी परीक्षेच्या) चहाला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सायकॉलॉजिस्ट व्हायला आली होती, कारकून होऊन चालली."

त्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आता देते. सर, जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, विसरल्यावर परत पाठ करायला किती वेळ कमी लागतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. तो कारकूनच होता का? आपला विषय तिथूनच सुरू झालाय ना?

आणि मोजायचं काय हे तरी स्टॅट्सशिवाय कसं ठरवणार? दरवर्षी वर्गात मी विचारते, नागपूर जास्त पूर्वेला की हैदराबाद? बहुतेक हात हैदराबादला. खरं तर नागपूर पूर्वेला आहे, ७९ रेखांशाच्या जरा पुढे, हैदराबाद साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. महाराष्ट्र पश्चिमेचा, म्हणून नागपूरही पश्चिमेला, असं डोक्यातला नकाशा परस्पर ठरवतो. अमेरिकेत स्टीव्हन्स आणि कूप यांनी १९७८ मध्ये सॅन दिएगो आणि रिनो ही शहरं घेऊन हेच दाखवलं. आता ही चूक सगळे एकाच बाजूला करतात की नुसती विखुरलेली उत्तरं आहेत, हे दीड हजारवाला सांगणार आहे का तुम्हाला?

करिअरचं म्हणाल तर जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी रिसर्चची फेलोशिप) काढा, महिना ३७ हजार मिळतात, आणि आयआयटी कानपूर, गांधीनगर, अलाहाबाद विद्यापीठाचं कॉग्निटिव्ह सायन्सचं सेंटर, इथे अर्ज करा. गाइड जर म्हणाला की आकडे कॉम्प्युटर बघेल, तर गाइड बदला. हे मी एका माणसावरून बोलतेय हे मान्य, चांगले गाइडही असतात, आणि मी पाच वर्षं तासिका तत्त्वावर काढली ती घरात दुसरा पगार होता म्हणून, तुमचं तसं नसेल तर आधी तो हिशोब करा. स्टॅटिस्टिशियनची मदत घेणंही वाईट नाही, मी अजून घेते, फक्त शेजारी बसून.

आर हे स्टॅट्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच डाउनलोड करा. आणि बाहेरून करून घ्यायचंच असेल तर त्या माणसाला आधी विचारा, ३५० अंश आणि १० अंश यांची सरासरी किती. १८० म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.