पहिल्यांदाच थेरपिस्टकडे जायचंय आणि आत्तापासूनच पोटात गोळा आलाय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की गुरुवारी साडेपाचची वेळ मिळालीय, थेरपिस्ट गुजराती आहेत आणि दोनदा रद्द करायला फोन हातात घेतलात. आधी त्या फोनचं बघू. रद्द केलं की लगेच हायसं वाटतं, आणि तेच महागात पडतं. मेंदू शिकतो की टाळल्यामुळे वाचलो, म्हणून पुढच्या वेळी धास्ती आणखी वाढते. अगदीच राहवलं नाही तर रद्द करण्याऐवजी ‘मी खूप घाबरलेय’ एवढा मेसेज त्यांना पाठवा. त्यांना त्यात नवीन काही नसतं.

पहिली भेट साधारण 45 ते 60 मिनिटांची असते आणि बराचसा वेळ त्यांच्या प्रश्नांत जातो: झोप, भूक, घरी कोण कोण, त्रास कधीपासून, आधीची औषधं. भाषण पाठ करून जाऊ नका, एक शब्द निसटला की सगळंच अडतं. कागदावर चार-पाच ओळी पुरेत. पहिली ओळ ‘आत्ताच का आले’ ही. चालू गोळ्यांची नावं आणि डोसही लिहून न्या. एखादा प्रश्न नको वाटला तर ‘हे आज नको’ म्हणता येतं.

भाषेचं मात्र बडोद्यात खरंच आडवं येतं. बाजारात आपण फर्राटेदार गुजराती बोलतो, पण घालमेल मराठीतच होते. गुजरातीत ‘गभरामण’ (घाबरल्यासारखं होणं) म्हटलं की अर्धंच पोचतं. तिथे शब्द शोधत बसू नका, मराठी शब्द तसाच टाका आणि शरीरात काय होतं ते सांगा: छातीत धडधड, घशात आवंढा, हाताला घाम. पहिल्याच दिवशी विचारा, मध्येच मराठी चालेल का? बऱ्याच जणांना समजतं.

त्या दिवशी दुपारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिनचा निम्मा अंश चार-पाच तासांनंतरही अंगात असतो, आणि ती धडधड भीतीचीच वाटते. उपाशीपोटीही जाऊ नका. बाहेर बसल्यावर चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. लांब उच्छ्वासाने ठोके मंदावतात. भराभर खोल श्वास घेतलात तर उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. दहा मिनिटं आधी पोचा. तासभर आधी गेलात तर नुसते विचार वाढतात.

दांडिया बाजारात, म्हणजे बडोद्याच्या मराठी वस्तीत, कोणी पाहील ही तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, आपल्या लोकांत बातमी रिक्षाच्या आधी पोचते. पण खोलीतलं बोलणं बाहेर जात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, अपवाद जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे मोजकेच. हे नियम त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. गुरुवारच्या आधीच जीव नकोसा झाला तर थांबू नका, 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

भेटीनंतर अर्धा तास मोकळा ठेवा, रडू आलं तर येऊ द्या. सुरसागर तलावाला एक फेरी मारा, मग घरी. ‘काय म्हणाले?’ हा प्रश्न दारातच येईल, त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा: ‘बरं झालं, सावकाश सांगेन.’