‘द रिदम ऑफ द नाईट’ कोणी गायले आणि ते नेमके कुठवर पोहोचले?

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. ‘कोरोना’ या नावाने प्रसिद्ध झालेले ‘द रिदम ऑफ द नाईट’ हे इटालियन नृत्यगीत व्हिडिओत दिसणाऱ्या गायिकेनेच गायले आहे का, ते ‘जगभर पहिल्या क्रमांकावर’ होते हे तुम्ही वाचलेले विधान कितपत खरे आहे, आणि त्याची चाल उचललेली आहे हा आरोप बरोबर आहे का? तिन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे मी ती सलग देतो. हे गाणे गेली अनेक वर्षे माझ्या अतिशय जिव्हाळ्याचे आहे आणि त्याच्याविषयीची अर्धवट माहिती पुनःपुन्हा वाचून वाईट वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच दोन घोटाळे दूर करतो. याच शीर्षकाचे एक अमेरिकन गाणे १९८५ मध्ये आले होते. ते डिबार्ज या गटाने गायले, डायान वॉरन यांनी लिहिले आणि ते अमेरिकेच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. त्याचा आणि आपल्या गाण्याचा शीर्षकापलीकडे काहीही संबंध नाही. दुसरे म्हणजे ‘कोरोना’ या शब्दाचा इटालियन अर्थ मुकुट असा आहे आणि हे नाव १९९३ पासूनचे आहे. आज शोधताना भलतेच काही समोर येते, त्यामुळे शोधात गाण्याचे शीर्षकही लिहावे.

‘कोरोना’ हा रूढ अर्थाने बँड नव्हताच. इटलीत त्या काळी ज्याला ‘प्रोजेक्ट’ म्हणत, तसा तो होता: नाव निर्मात्याच्या ताब्यात, गाणी स्टुडिओत तयार होणार आणि त्या नावाला एक चेहरा दिला जाणार. निर्माते होते फ्रान्चेस्को बोन्तेम्पी, जे ‘ली मॅरो’ या नावानेही ओळखले जात. गाणे रॉबेर्तो झानेत्ती यांच्या डीडब्ल्यूए या कंपनीने नोव्हेंबर १९९३ मध्ये इटलीत बाजारात आणले. चेहरा होता ओल्गा दे सूझा यांचा. त्या मूळच्या रिओ दि जानेरोच्या आणि नंतर इटलीत स्थायिक झालेल्या. व्हिडिओत त्याच आहेत, मंचावर त्याच नाचल्या, मुखपृष्ठावरही त्याच आहेत.

आवाज मात्र जोव्हान्ना बेर्सोला यांचा आहे. त्या सिसिलीतल्या कतानिया शहरात जन्मलेल्या आणि पुढे ‘जेनी बी’ या नावाने गाणाऱ्या गायिका. मूळ सिंगलवर, म्हणजे एकट्या गाण्यासाठी निघालेल्या तबकडीवर, त्यांचे नाव छापलेले नाही आणि व्हिडिओतही त्या कुठे दिसत नाहीत. इटलीतल्या अनेक नृत्यगीतांना त्या काळात त्यांनी असाच आवाज दिला. १९९४ चे प्लेयाहिटी या प्रोजेक्टचे ‘द समर इज मॅजिक’ हेही त्यांच्याच आवाजातले. स्वतःच्या नावाने त्या लोकांसमोर ठळकपणे आल्या त्या २००० साली, जेव्हा इटलीतल्या सानरेमो या गीतस्पर्धेच्या महोत्सवात नवोदितांच्या विभागात ‘सेम्प्लिचे साई’ या गाण्यासाठी त्यांना पहिला क्रमांक मिळाला. म्हणजे ज्या आवाजावर अर्धे युरोप नाचले होते, तो आवाज सहा-सात वर्षांनी आपल्याच देशात ‘नवोदित’ म्हणून मंचावर उभा राहिला.

आपल्याकडे पार्श्वगायनाची सवय असल्यामुळे काहींना यात आक्षेपार्ह असे काही वाटत नाही. तुमच्या प्रश्नाखालच्या एका उत्तरातही तसे म्हटले आहे. फरक असा की पार्श्वगायनात पडद्यावरचा चेहरा आणि आवाज वेगळे आहेत हे ऐकणाऱ्याला माहीत असते आणि गायकाचे नाव तबकडीवर असते. इथे ऐकणाऱ्याला ते कळू दिले जात नव्हते. शिवाय हे पहिल्यांदाच घडत होते असेही नाही. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचे ‘राईड ऑन टाइम’ ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यात लोलियाटा हॉलोवे यांच्या १९८० च्या ‘लव्ह सेन्सेशन’ या गाण्यातला आवाज कापून वापरला होता आणि व्हिडिओत ओठ हलवणारी होती एक मॉडेल. त्याच गटाच्या पुढच्या गाण्यांना मार्था वॉश यांनी आवाज दिला, तरी चेहरा मॉडेलचाच राहिला. अमेरिकेतल्या सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या गटानेही वॉश यांच्या बाबतीत तेच केले, तेव्हा वॉश न्यायालयात गेल्या आणि त्यानंतर गायकाच्या आवाजाचे श्रेय छापण्याचा आग्रह तिथे धरला जाऊ लागला. नोव्हेंबर १९९० मध्ये मिली व्हॅनिली या जोडीचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेतले गेले, तेही याच कारणाने. त्या प्रकरणानंतर तीन वर्षांनीही बेर्सोला यांचे नाव छापले गेले नाही, म्हणून मला ते अधिक खटकते. यात दे सूझा यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना जे काम दिले गेले ते त्यांनी अतिशय समरसून केले आणि हे नाव पुढे अनेक वर्षे मंचावर जिवंत ठेवले ते त्यांनीच.

आता चालीविषयी. गाण्याच्या श्रेयात बोन्तेम्पी यांच्यासह जॉर्जो स्पान्या, ॲनर्ली गॉर्डन, पीट ग्लेनिस्टर आणि माईक गॅफी अशी नावे आढळतात. शेवटची दोन नावे ब्रिटिश आहेत आणि ती तिथे असण्याचे कारण म्हणजे ‘से व्हेन!’ या ब्रिटिश जोडीचे १९८७ चे ‘सेव्ह मी’ हे गाणे. आपल्या गाण्याचा काही भाग त्या गाण्यावर आधारलेला आहे. त्यामुळे ‘उचललेली चाल’ हा आरोप अगदीच निराधार नाही; मात्र मूळ गीतकारांची नावे श्रेयात आहेत आणि संपूर्ण गाणे उचललेले नाही, हेही त्याबरोबरच सांगायला हवे. ॲनर्ली गॉर्डन या इंग्लंडमधून इटलीत आलेल्या गायिका आणि गीतकार. इटालियन निर्मात्यांना इंग्रजी शब्द लिहिणारे कोणीतरी लागे आणि ती गरज अशी माणसे भागवत.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून देतो. हेडफोन लावून फक्त अंतऱ्याकडे लक्ष द्या. मुखड्यामुळे हे मजेचे, पार्टीचे गाणे आहे अशी आपली समजूत झालेली असते, पण अंतऱ्यातली व्यक्ती गुडघे टेकून विनवणी करते आहे. ती रिकाम्या जागेत ऊन मागते, प्रेम करायला शिकव म्हणते, डोळ्यांत अश्रू घेऊन जगासमोर जायची तिची तयारी नाही. बेर्सोला हा भाग आवाज राखून, थोडा आत ओढून गातात आणि मुखड्याला तोच आवाज पूर्ण मोकळा सोडतात. मुखड्याच्या पहिल्या अर्ध्यात ज्या जागी ‘रात्र’ हा शब्द येतो, त्याच जागी दुसऱ्या अर्ध्यात ‘आयुष्य’ येतो. चाल तीच राहते, एक शब्द बदलतो, आणि विनवणीचे रूपांतर घोषणेत होते. खाली मिनिटाला साधारण १२८ ठोक्यांचा बास ड्रम एकदाही न अडखळता चाललेला असतो, त्यामुळे नाचणाऱ्याला हे दुःख जाणवत नाही, ऐकणाऱ्याला जाणवते. त्या काळच्या युरोडान्सचा, म्हणजे युरोपात बनणाऱ्या या वेगवान नृत्यसंगीताचा, ठरलेला साचा म्हणजे अंतऱ्यात पुरुषाचे रॅप आणि मुखड्यात स्त्रीचा आवाज. या गाण्यात रॅप नाही. सगळा भार एकाच गळ्यावर आहे, म्हणून तो गळा कोणाचा हा प्रश्न इथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

क्रमांकांकडे वळतो. इटलीत गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि आठ आठवडे तिथे राहिले. युरोपातल्या इतर अनेक देशांत ते पहिल्या दहात होते. ब्रिटनमध्ये ते सप्टेंबर १९९४ मध्ये यादीत आले आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. अमेरिकेच्या हॉट १०० यादीत त्याचा सर्वोच्च क्रमांक ११ आहे. म्हणजे ‘जगभर पहिला क्रमांक’ हे विधान चुकीचे आहे. पण या आकड्यांवरून गाणे थोडक्यात हुकले असा अर्थ काढणेही चुकीचे ठरेल, आणि त्यासाठी त्या याद्या कशा बनत हे समजून घ्यावे लागते.

ब्रिटनची यादी तेव्हा केवळ दुकानांतल्या विक्रीवर ठरत असे. कॅसेट, सीडी आणि मोठी तबकडी अशा रूपांत सिंगल विकले जाई आणि आठवड्याला किती विकले गेले त्यावर क्रमांक लागे. उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठी सुटीला गेलेले ब्रिटिश लोक तिथल्या डिस्कोत रोज ऐकलेली गाणी डोक्यात घेऊन परतत आणि दुकानात जाऊन मागत. इटलीत जवळजवळ वर्षभरापूर्वी आलेले गाणे ब्रिटनमध्ये सप्टेंबरमध्ये धडकते, त्यामागे हा सुट्यांचा हिशेब आहे. त्याच महिन्यात, त्याच वाटेने दुसरे एक इटालियन उत्पादन आले: व्हिगफील्डचे ‘सॅटर्डे नाईट’. ते पहिल्याच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर उतरले आणि चार आठवडे हलले नाही. ‘कोरोना’ला वरची जागा मिळाली नाही ती यामुळे.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘सॅटर्डे नाईट’चे एक निर्माते होते लॅरी पिन्यान्योली. १९८७ मध्ये इव्हाना स्पान्या या इटालियन गायिकेच्या ‘कॉल मी’ या गाण्याचे सहलेखक हेच पिन्यान्योली आणि इव्हानांचे बंधू जॉर्जो स्पान्या, म्हणजे आपल्या गाण्याच्या श्रेयात वर आलेलेच जॉर्जो. ‘कॉल मी’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबले. सात वर्षांनी जॉर्जोंचे ‘द रिदम ऑफ द नाईट’ही दुसऱ्याच क्रमांकावर थांबले, आणि तेव्हा वर होते ते जुन्या सहकाऱ्याचे गाणे. पुढे १९९९ मध्ये ॲनर्ली गॉर्डन यांनी ‘ॲन ली’ या नावाने गायलेले ‘टू टाइम्स’ही ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंतच गेले.

अमेरिकेचे गणित वेगळे होते. हॉट १०० मध्ये विक्रीबरोबर रेडिओवर गाणे किती वाजते हेही मोजले जाई आणि १९९१ च्या अखेरीपासून ही मोजणी दुकानदारांच्या तोंडी सांगण्यावर न राहता यंत्रांकडे गेली होती. युरोपातल्या नृत्यसंगीताला तिथल्या रेडिओवर जागा मिळणे सोपे नव्हते. तुलनेसाठी पाहा: स्नॅपचे ‘रिदम इज अ डान्सर’ ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिले होते, अमेरिकेत ते पाचव्या क्रमांकावर थांबले. हॅडवेचे ‘व्हॉट इज लव्ह’ आज कोणालाही ऐकवले तरी ओळखू येते. त्याचे सर्वोच्च क्रमांक ब्रिटनमध्ये दुसरा आणि अमेरिकेत अकरावा, म्हणजे अगदी ‘कोरोना’सारखेच. त्यामुळे अकरावा क्रमांक हे या प्रकारच्या गाण्यासाठी मोठे यश होते असेच मी मानतो.

पुढच्या सिंगलांची गोष्ट थोडक्यात. १९९५ मधले ‘बेबी बेबी’ ब्रिटनमध्ये पाचव्या आणि ‘ट्राय मी आउट’ सहाव्या क्रमांकावर गेले. ‘बेबी बेबी’ हे बोन्तेम्पींच्याच १९९१ च्या एका जुन्या गाण्याचे नवे रूप. या गाण्यांत आवाज सँडी चेंबर्स यांचा आहे, चेहरा पूर्वीचाच. त्यामुळे पहिल्या सिंगलनंतर गायिकेचा पोत बदलल्यासारखा तुम्हाला वाटला असेल तर तो भास नव्हे, तुमचा कान बरोबर आहे.

गाणे नंतरही वेगवेगळ्या ठिकाणी भेटत राहिले. १९९९ मध्ये क्लेअर डेनी यांच्या ‘बो त्रावाय’ या फ्रेंच चित्रपटाच्या अखेरीस दनी लाव्हाँ हे अभिनेते एका रिकाम्या डिस्कोत, आरशाच्या भिंतीसमोर, एकटेच या गाण्यावर नाचतात. सुरुवातीला ते जवळपास स्थिर आहेत, सिगारेट ओढत इकडून तिकडे चालतात, आणि मग अंग एकदम सुटते. वर ज्या विनवणीविषयी लिहिले, ती त्या दृश्यात डोळ्यांना दिसते. २०१३ मध्ये बॅस्टिल या ब्रिटिश बँडने हे गाणे आणि ‘रिदम इज अ डान्सर’ एकत्र करून संथ लयीत ‘ऑफ द नाईट’ नावाने काढले. तेही ब्रिटनमध्ये पुन्हा दुसऱ्याच क्रमांकावर थांबले. २०१९ मध्ये ब्लॅक आइड पीज हा अमेरिकन गट आणि गायक जे बाल्विन यांनी ‘रित्मो’ या गाण्यासाठी त्याचा वापर केला आणि ते हॉट १०० मध्ये २६ व्या क्रमांकापर्यंत गेले.

तुमच्या संग्रहातल्या नोंदीत गायिकेच्या रकान्यात काय लिहावे असेही तुम्ही विचारले आहे. कलाकार म्हणून ‘कोरोना’, निर्माता म्हणून फ्रान्चेस्को बोन्तेम्पी, आणि आवाज म्हणून जोव्हान्ना बेर्सोला असे लिहावे. ओल्गा दे सूझा यांचे नाव मंचीय सादरीकरणाच्या नोंदीत घ्यावे. ‘बेबी बेबी’च्या नोंदीत मात्र आवाजाच्या रकान्यात सँडी चेंबर्स हे नाव लिहायला विसरू नये, कारण तीच चूक तिथेही सर्रास होते.