डेडहॅमचं घर आणि भद्रकालीतला वाडा

प्रश्न : लेक बॉस्टनला असते. तिनं जवळच्या डेडहॅम गावातल्या फेअरबँक्स घराचे फोटो पाठवले. म्हणे १६४० च्या आसपासचं, सगळं लाकडाचं. आमचा भद्रकालीतला वाडा त्याच्या निम्म्या वयाचाही नाही, तरी तुळयांना टेकू लागलेत. सागवान असून असं का? आणि त्या घराचं वय काढलं कसं? आमच्या वाड्याचं निघेल का?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : सागाला बोल लावू नका. ते घर ओकचं आहे आणि सांगाडा आपल्या ओळखीचाच : एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, वरून लाकडी मेख ठोकलेली. सुतारकीच्या घरात वाढल्यामुळे फोटोत माझी नजर आधी तिथंच जाते.

फरक पाण्याचा आहे. तिथलं छप्पर चांगलं उभट, त्यावर बर्फ साचत नाही. भिंतीला बाहेरून एकीवर एक चढवलेल्या फळ्या. कुजली तेवढी बदलायची. शिवाय जोनाथन फेअरबँक्सच्या घराण्याच्या आठ पिढ्या तिथंच राहिल्या, मग संग्रहालय झालं. आपल्याकडे चार कौलं बदलायची तर सगळ्या भाऊबंदांच्या सह्या!

वाड्यात तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं असतं. पन्हळ गळते, पाणी भिंतीत उतरतं. माती-विटांची भिंत पूर्वी वाळायची. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. मग तुळई मधे ठणठणीत आणि टोकाला भुसा. सुताराला टोच्यानं टोकं तपासायला सांगा. आधी पन्हळ दुरुस्त करा, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करा. बहुतेकदा अख्खी तुळई बदलावी लागत नाही, कुजकं टोक कापून नवं सागवान जोडता येतं. तोवर टेकू हलवू नका.

वय काढलं ते खोडातल्या वलयांवरून. ओल्या-कोरड्या वर्षांप्रमाणे वलयं रुंद-अरुंद होतात. तो क्रम जुळवला आणि सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असलं की झाड कधी तोडलं ते कळतं. त्यावरून १६३७ ते १६४१ हा काळ निघाला. सागालाही वलयं असतात, पण आपले सुतार तासताना बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकत. तेव्हा ‘अमक्या सालानंतरचं’ एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा माळ्यावरच्या पेटीतली जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं काढा. मोडी असतील तर वाचणारी माणसं नाशकात मिळतात.